पाच नंबरवरची ती

बाबांनी बोट उचललं आणि गोदामातली कामगारांची अख्खी पाळी गप्प झाली.

“ह्याच्यात आहे ती,” ते म्हणाले.

पाच आकडा रंगवलेल्या जागेवर नुकताच उभा राहिलेला तो लाल कंटेनर. शेजारी चार नंबरवर निळा होता, सहावर दुसरा लाल. तिन्ही समुद्रावरून आलेले, गंजाचे ओघळ पडलेले, दारांना सील ठोकलेले. बाबा त्यातल्या कुठल्याच कंटेनरच्या जवळ गेले नव्हते. हॉलच्या दुसऱ्या टोकाला, बाजूच्या उघड्या दारात त्यांची खुर्ची मांडलेली असे. तिथूनच त्यांनी डोळे मिटले, नाकपुड्या फेंदारल्या आणि नेम धरल्यासारखं बोट रोखलं.

“उघडा. आम्ही हद्द ओलांडणार नाही. तिची आमची तशी बोलीच आहे.”

माल उतरवणारा पैलवान पुढे झाला. सील तोडलं, दांडा फिरवला, दारं करकरत उघडली. आत छतापर्यंत पोती. त्यानं पहिली रास ओढायला घेतली, मग दुसरी. माल उचलणारी फोर्कलिफ्ट मागेपुढे फिरू लागली. मी भिंतीला टेकून बघत होते. मनात म्हटलं, काही होत नाही. आणि तेवढ्यात पैलवानानं उचललेलं पोतं हातातून सोडलं. एखाद्यानं मागून हाक मारावी तसा तो वळला, गुडघ्यावर आला आणि भडभडा ओकला. फोर्कलिफ्टवाला खाली उतरला, तर त्याचेही पाय लटपटत होते. पलीकडे वजनं करणाऱ्या बायकांपैकी एकीनं डोकं गच्च धरलं आणि ती मोठमोठ्यानं रडायला लागली.

“आली! आली!” कुणीतरी ओरडलं.

“शटरं वर!” बाबा खुर्चीतून उठलेही नव्हते, पण आवाज सगळ्या हॉलभर घुमला. “सगळी शटरं वर! वाट द्या तिला! एकजात सगळे मैदानात! विहिरीचं पाणी आटतं, विहिरीचा राग आटत नाही!”

शटरं खडखडत वर गेली. माणसं एकमेकांना ओढत बाहेर पडली. मैदानात बाबांनी मोठ्यानं काहीतरी पुटपुटायला सुरुवात केली. मोठ्यानं पुटपुटणं ही अवघड कला आहे, ती त्यांना साधली होती. बराच वेळ ते चाललं. हळूहळू बाईचं रडणं थांबलं, फोर्कलिफ्टवाल्यानं पाणी मागितलं, पैलवान धापा टाकत उठून बसला. बाबांनी प्रत्येकाच्या कपाळाला राखाडी अंगारा लावला.

“गेली,” बाबा म्हणाले. “आजच्यापुरती.”

आणि लोकांनी त्यांचे पाय धरले.

मी डॉक्टर आहे. गोदामाच्या फाटकासमोरच माझा दवाखाना. गोदामाचा मॅनेजर माझा सख्खा मोठा भाऊ. देशोदेशीचा माल इथे येतो, पोती फुटतात, डबे मोकळे होतात, लहान खोकी बनतात आणि गावोगावच्या दुकानांकडे ट्रकनं निघतात. दादाच्या केबिनमध्ये भिंतीवर एक मोठा पडदा आहे. किती गाड्या आत, किती रस्त्यात, किती खोळंबल्या. खोळंबलेल्या गाड्यांचा आकडा लाल रंगात दिसतो, आणि तो लाल झाला की दादाच्या कानाच्या पाळ्याही लाल होतात. माणूस वाईट नाही. पण त्याची झोप, जेवण, हसणं सगळं त्या पडद्यावर टांगलेलं.

त्या दिवशी पडदा हिरवा होता. दादा खुशीत होता.

“पाहिलंस?” तो म्हणाला. “मला काय भूतबीत वाटतं असं समजू नकोस. पण बाबा आल्यापासून लोक आत तरी जातात. मध्यंतरी सगळ्यांनी हात वर केले होते. पाच नंबरवर पाय ठेवणार नाही म्हणाले. मी काय पोती डोक्यावर घेऊ?”

“म्हणून बाबा आणलास?”

“मी नाही आणला. फाटकवाल्यानं आणला, त्याच्या ओळखीचा. मी फक्त नको म्हटलं नाही.”

“दादा, आजारी पडतायत रे माणसं. माझ्याकडे रांग असते. डोकेदुखी, उलट्या, छाती भरून येणं, हाताला कंप.”

“गर्दीत एकानं आळस दिला की दहा देतात. तसंच हे.”

“आणि झाडूवाले काका? तेही आळस देताना गेले?”

दादानं पडद्याकडे पाहिलं. झाडूवाले काका हे या प्रकरणातलं एकमेव मरण. दुपारच्या सुट्टीत नव्या हॉलमध्ये पोत्यांच्या आडोशाला आडवे झाले ते उठलेच नाहीत. म्हातारे होते, हृदय बंद पडलं असं सांगून सगळ्यांनी हात झटकले. पण लोकांनी त्या मरणाला दुसरंच कारण लावलं. नवा हॉल जिथे बांधला तिथे पूर्वी मोकळं आवार होतं आणि आवाराच्या कोपऱ्यात जुनी विहीर. हॉलसाठी ती बुजवली आणि तिच्या जागी पाच नंबर आला. विहिरीत फार पूर्वी कुणा बाईनं जीव दिला होता म्हणे. कुणी, कधी, कशासाठी, हे कुणालाच सांगता येत नव्हतं. पण हॉल सुरू झाला आणि पाच नंबरवर माणसं कोसळू लागली, एवढं मात्र खरं होतं. विहीर बुजली आणि बाधा सुरू झाली. लोकांनी दोन टोकं घेतली आणि गाठ मारली.

बाबा त्या गाठीवरच बसले होते.

मला खरा धसका बसला तो पैलवानाच्या आईमुळे. तिला सगळे मावशी म्हणत. पॅकिंगच्या बायकांची ती म्होरकी, जिभेनं तिखट, हातानं चटपटीत. पैलवान तिचा एकुलता एक. लग्न झालेला, पाळण्यात पोर. एका सकाळी मावशी त्याला घेऊन दवाखान्यात आली. दोन माणसांचं ओझं एकट्यानं उचलणारा तो गडी माझ्या पायऱ्या चढताना भिंत धरत होता.

“बाई, काहीतरी जालीम औषध द्या,” ती म्हणाली. “बाबांचा अंगारा रोज लावते. पाळण्यातल्या नातवाच्या उशीखालीही पुडी ठेवली आहे. पण ह्याचं धापा टाकणं जात नाही.”

“मावशी, याला त्या हॉलमधून बाहेर काढा. दुसरं काम मागा.”

“मागितलं. साहेब म्हणाले, माल उतरवायला याच्याइतका दणकट दुसरा कोण? आणि बाबा म्हणतात, पळालास तर ती घरी येईल.”

मी पैलवानाची छाती तपासायला वाकले. त्याच्या कपड्यांना एक वास होता. लसणासारखा, पण कुजकट. मासळी नासल्यावर येतो तसा.

“हा वास कसला रे?”

“तिचा,” पैलवान खालच्या आवाजात म्हणाला. “ती असली की येतो. नसली की नाही.”

“कुठल्या मालात असते ती? पत्र्याच्या डब्यांत?”

त्यानं आठवून मान हलवली. “नाही. डब्यांचा माल आला की काही होत नाही. पोती आली, लाकडी सामान आलं, की मग. तो माल पाच नंबरवरच उतरतो. तेही प्रत्येक वेळी नाही.”

“म्हणजे विहिरीतल्या बाईला पत्रा चालत नाही, लाकूड चालतं. मोठी चोखंदळ दिसते.”

पैलवान हसला आणि हसता हसता त्याला खोकला आला. मावशी मात्र हसली नाही.

“थट्टा करू नका, बाई. झाडूवाले हसायचे.”

मी म्हटलं, “ती अंगाऱ्याची पुडी एक मला द्याल?”

तिनं कनवटीची पुडी काढली, पण देताना हात आखडला. “एक पथ्य आहे. हिला पाणी लागू द्यायचं नाही. बाबांनी बजावलंय. ओली झाली तर तिचा कोप होतो.”

“अंगारा येतो कुठून?”

“कंटेनरमधूनच. ती गेली की मागे राख राहते. पोत्यांच्या फटींत सापडते, छोट्या छोट्या पिशव्यांत. बाबांचा माणूस गोळा करतो.”

ती गेल्यावर मी पुडी उघडली. राखाडी, पिठासारखी भुकटी. नाकाजवळ नेली आणि झटकन दूर धरली. तोच वास, पुसट. मी ती काचेच्या कोरड्या बाटलीत टाकून झाकण घट्ट लावलं आणि मावशीच्या मागे धावले. पाळण्यातली पुडी आधी काढा, आत्ताच्या आत्ता, असं तिला रस्त्यात गाठून सांगितलं. माझ्या चेहऱ्यावर काय दिसलं कोण जाणे, ती काही न विचारता घराकडे वळली.

माझी एक वर्गमैत्रीण महाविद्यालयात रसायनशास्त्र शिकवते. शाळेपासून आम्ही तिला मास्तरीण म्हणतो, कारण पहिलीतही ती बाकावरच्या मुलांना ओरडायची. मी बाटली घेऊन तिच्या प्रयोगशाळेत गेले. तिनं माझी सगळी हकीकत ऐकून घेतली आणि बाटली हवा बाहेर ओढून घेणाऱ्या बंद काचेच्या कपाटात ठेवली. एक पांढरी कागदाची पट्टी चांदीच्या क्षाराच्या पाण्यात बुडवून जवळ टांगली. मग भुकटीवर पाण्याचा एक थेंब सोडला.

पट्टी बघता बघता काळी पडली.

मास्तरीण कधी नव्हे ती हळू बोलली. “हे तू पर्समधून आणलंस?”

“काय आहे ते?”

“धुरीचं औषध. जहाजातून धान्य, लाकूड पाठवताना कीड लागू नये म्हणून कंटेनरमध्ये ठेवतात. हवेतल्या दमटपणानं त्यातून वायू सुटतो, फॉस्फीन म्हणतात त्याला. कीड मरते, उंदीर मरतात, माणूसही मरतो. मागे ही राख उरते, आणि राखेत थोडं औषध न संपलेलं राहतं. पाणी लागलं की तेही जागं होतं.”

“म्हणून पाणी लागू द्यायचं नाही.”

“तुझ्या बाबाला रसायनशास्त्र येतं,” मास्तरीण म्हणाली. “निदान एवढं तरी येतं.”

मग तिनं विचारलं, “पण असे कंटेनर आल्यावर मोकळ्या जागेत दारं उघडून ठेवायचे असतात. हवा पुरती खेळू द्यायची, मोजून बघायची, मग माणूस आत. तुमच्याकडे ठेवत नाहीत?”

मला दादाचं जुनं बोलणं आठवलं. त्याच्या आधीचा म्हातारा मॅनेजर आलेला प्रत्येक कंटेनर मागच्या आवारात दारं उघडून ठेवायचा. का, ते त्यानं कुणाला सांगितलं नाही. ठेवा म्हणजे ठेवा. दादा आला तेव्हा त्याला तो निव्वळ ढिसाळपणा वाटला. माल आला आहे आणि दारं उघडी टाकून दिवस दिवस नुसता उभा! त्यानं ते आवार हॉलखाली घेतलं. आता ट्रक शेपटाकडून थेट हॉलमध्ये शिरतो, कंटेनर सोडून पुढचं इंजिन निघून जातं, शटर खाली येतं, दारं आतच उघडतात. वेळ वाचला. वरून शाबासकी आली.

विहीर बुजली तेव्हाच बाधा सुरू झाली हे खरंच होतं. पण तेव्हाच ते आवारही गेलं होतं, ते कुणाच्या ध्यानात आलं नाही.

एक कोडं मात्र सुटत नव्हतं. कुठल्या कंटेनरमध्ये विष आहे हे बाबांना लांबून कसं कळतं?

“त्यावर लिहिलेलं असतं,” मास्तरीण म्हणाली.

“काहीच लिहिलेलं नसतं. मी स्वतः बघितलंय. कोरी दारं.”

“असायला पाहिजे. कवटीचं चित्र असलेला मोठा कागद. त्याशिवाय बंदरातून सुटतच नाही. चल, दाखवते.”

दुसऱ्या दिवशी सकाळी आम्ही दोघी हमरस्त्यावरच्या वजनकाट्यावर जाऊन बसलो. फाटकात शिरण्याआधी प्रत्येक गाडी इथे वजनाला थांबते. समोर चहाची टपरी होती. पहिली गाडी आली, निळा कंटेनर. मागची दारं कोरी. दुसरी आली, लाल. तिच्या दारावर, सीलच्या शेजारी, हाताच्या दोन पंज्यांएवढा कागद चिकटवलेला. वर कवटी, दोन हाडं. खाली दोनतीन परदेशी भाषांत मजकूर. मास्तरणीनं वाचून दाखवला: विषारी वायू, आत जाऊ नये, हवा देईपर्यंत दारं उघडी ठेवावीत. मी मोबाइलवर फोटो काढला, कंटेनरचा नंबरही आला.

आम्ही रिक्षानं तिच्या मागोमाग गेलो. फाटकात गाडी थांबली. फाटकवाला बाहेर आला, चालकाशी दोन शब्द बोलला, सील तपासायला म्हणून मागे गेला. त्याची पाठ आमच्याकडे होती. खांदा एकदा जोरात हलला. मग त्यानं काहीतरी घडी करून खिशात घातलं, गाडीला हात केला आणि फोन कानाला लावला. चालक गाडीच्या केबिनमध्येच बसून होता. त्याला मागचं दिसत नव्हतं, आणि इथल्या लोकांना सगळं ठाऊकच असणार अशी त्याची समजूत.

गाडी आत वळली तेव्हा दारं कोरी होती. चार कोपऱ्यांत गोंदाचे डाग तेवढे राहिले होते.

“हा तुझा चमत्कार,” मास्तरीण म्हणाली. “गोंदाचा.”

मी दादाला फोन लावला. उचलला नाही. पुन्हा लावला. फाटकवाल्यानं आम्हाला पास मागत बराच वेळ अडवून ठेवलं. शेवटी पॅकिंगमधली एक मुलगी धावत फाटकाशी आली, मला बघून थबकली.

“डॉक्टरबाई, तुम्हाला बोलवायलाच निघाले होते. पैलवानाला कोंडतायत.”

“कोंडतायत म्हणजे?”

“बाबा म्हणाले, ती याच्या अंगात घर करून बसली आहे. जिथून शिरली तिथेच सोडून जाईल. आलेल्या कंटेनरमध्ये दारापाशची पोती काढून त्याला बसवायचं आणि दारं लावायची. ती निघाली की बाबा सांगतील, मग उघडायची. मावशीनं हो म्हटलंय.”

फाटकवाल्याला बाजूला सारून आम्ही पळालो.

मला आजही कळत नाही, बाबांना पैलवानाचा जीव घ्यायचा होता का. बहुधा नसावा. पैलवान बरा होत नव्हता, लोक कुजबुजू लागले होते, बाबांची पत चालली होती. काहीतरी मोठं करून दाखवायचं होतं. आत विष आहे एवढं त्यांना ठाऊक होतं. किती आहे, ते मोजायची त्यांना कधी गरजच पडली नव्हती.

हॉलची सगळी शटरं खाली होती. “आज वाट द्यायची नाही, आज कोंडायची,” असं बाबांनी सांगितलेलं. फक्त बाजूचं दार उघडं, आणि त्या दारात बाबांची खुर्ची. आत अर्धवट अंधार, मिटमिटते दिवे, उंच रॅक आणि त्यांच्या पायथ्याशी बसलेली माणसं. पाच नंबरवर कंटेनरची दारं बंद होती. दांडा खाली पाडलेला. दादा एका खांबाला टेकून उभा होता, हात खिशात.

“उघडा ते!” मी ओरडले.

बाबा आडवे आले नाहीत, नुसता तळवा उचलला. “डॉक्टरबाई, इथे तुमच्या सुईचं काम नाही. तिची हद्द आहे ही.”

“आत वायू आहे. विष आहे. दादा, दार उघड!”

दादा हलला. पण दारासमोर माणसं उभी राहिली होती, खांद्याला खांदा लावून. त्यांच्यात मावशी होती.

“बाई, मध्ये पडू नका,” ती म्हणाली. “अर्धवट सोडलं तर तो जाईल. बाबांनी सांगितलंय.”

लढून उपयोग नव्हता. मी बाबांकडे वळले.

“बाबा, तुमचं तिच्यावर राज्य आहे ना?”

“त्याच्या कृपेनं.”

“मग तुम्ही पैलवानाबरोबर आत बसा. आम्ही दारं लावतो. तिला तुमच्यासमोर काय धाडस होणार आहे?”

बाबा हसले. “आमची बोली झालेली आहे. आम्ही हद्द ओलांडत नाही.”

“बोली कधी झाली? तुम्ही तर तिला आजच कोंडलंत. कोंडलेल्याशी कसली बोली?”

मागून कुणीतरी खुसखुसलं. बाबांचा चेहरा उतरला नाही, पण त्यांनी खुर्ची किंचित मागे सरकवली, दाराबाहेरच्या उजेडात. ते अख्ख्या पाळीनं पाहिलं.

“बसा की, बाबा,” फोर्कलिफ्टवाला म्हणाला. त्यात टोमणा नव्हता. भाबडेपणानं म्हणाला तो. “तुम्ही बसलात तर लवकर जाईल ती.”

“मूर्खा, तुला शास्त्र कळतं का?”

आणि तेव्हा आतून धप्प आवाज झाला. मग आणखी एक. पत्र्यावर हात आपटत होता कुणीतरी.

“ती आपटतेय!” बाबा उठून उभे राहिले. “कुणी हात लावायचा नाही! आता सुटणार! हात लावेल त्याच्या घरी जाईल!”

रांग जागेवर थिजली. धप्प. मग बराच वेळ काहीच नाही. मग खरवडल्यासारखा आवाज, आणि त्या आवाजाबरोबर, अगदी क्षीण:

“आई…”

मावशीनं मान वर केली.

“ती आवाज काढतेय त्याचा!” बाबा ओरडले. “फसू नका!”

“माझ्या पोराचा आवाज मला कळत नाही?” मावशी म्हणाली. ओरडली नाही. तिनं शेजारच्या दोघांना कोपरानं ढकललं, दांडा दोन्ही हातांनी वर उचलला आणि सगळ्या अंगाचा भार घालून फिरवला. मी आणि मास्तरीण दार ओढायला धावलो. दार उघडलं तसा तो कुजकट वास अंगावर आला.

“श्वास धरा! शटरं वर करा, सगळी! बाहेर निघा!” मी आणि मास्तरीण एकदमच ओरडलो.

दादानं भिंतीवरची बटणं दाबली. एकामागून एक शटर वर गेलं. फोर्कलिफ्टवाला आणि दादा श्वास रोखून आत शिरले, पैलवानाला काखेत धरून मैदानात ओढत आणलं. त्याचे ओठ निळे पडले होते. मी त्याचे कपडे कापून काढले, रुग्णवाहिका बोलावली, आणि ती येईपर्यंत त्याच्याशी बोलत राहिले. मावशी त्याचं डोकं मांडीवर घेऊन बसली होती. कपाळावरचा अंगारा ती पदरानं पुसत होती, पुन्हा पुन्हा, कातडी लाल होईपर्यंत.

रुग्णवाहिका गेल्यावरच आम्हाला बाबांची आठवण झाली. ते फाटकापर्यंत पोचले होते. पण फाटकाशी दादा उभा होता; कागदाचं मी त्याला मघाशीच सांगितलं होतं.

“फाटकवाल्या, खिसा उलटा कर,” दादा म्हणाला.

“साहेब, मी काय…”

“उलटा कर.”

घडी घातलेला कागद खाली पडला. मास्तरणीनं तो उचलून उलगडला. कवटी, दोन हाडं. मी मोबाइलमधला फोटो लोकांसमोर धरला, नंबरासकट. एकेकानं जवळ येऊन बघितलं.

फाटकवाला रडायला लागला. “बाबा म्हणाले, कागद काढ आणि मला फोन कर. आम्ही दोघं पूर्वी बंदरावर होतो. धुरीच्या टोळीत. बाबाच औषध ठेवायचे कंटेनरमध्ये, मी पिशव्या मोजायचो.”

बाबांनी कुणाकडेच पाहिलं नाही. “श्रद्धा नसेल तिथे फळ मिळत नाही,” ते पुटपुटले. या वेळी खरोखरच पुटपुटले, पुढच्या दोघांपलीकडे ऐकू गेलं नाही.

मास्तरणीनं मग एका मालाच्या खोक्यावर उभं राहून सगळं सांगितलं. वर्गात सांगते तसं, न चिडता. कीड का लागते, औषध कसं ठेवतात, वायू कसा सुटतो. तुम्ही बरे व्हायचात ते मंत्रानं नाही. बाबा शटरं उघडायला लावायचे आणि तुम्हाला मैदानात बसवायचे, म्हणून. बाबांनी तुम्हाला स्वच्छ हवा दिली आणि तिचं श्रेय स्वतः घेतलं.

“मग विहीर?” एका बाईनं विचारलं.

“विहिरीनं काही केलं नाही,” मास्तरीण म्हणाली. “बिचारीला उगाच बदनाम केलं.”

हा प्रश्न विचारणाऱ्या बाईला तेवढ्यानं पटलं असं मला वाटत नाही. ती घरी गेली, तिनं नवऱ्याला सांगितलं असेल, आणि दोघांनी दार नीट लावून घेतलं असेल. भीती एका दिवसात जात नाही. पण त्या संध्याकाळी पुड्या परत यायला लागल्या. माझ्या दवाखान्याच्या पायरीवर मी एक कोरडा पत्र्याचा डबा ठेवला होता. लोक येत, पुडी टाकत आणि खाली मान घालून जात. कुणाच्या उशीखालची, कुणाच्या दुकानाच्या गल्ल्यातली, कुणाच्या लेकीच्या गळ्यातल्या ताइतातली.

पैलवान वाचला. कित्येक आठवडे इस्पितळात होता. फुप्फुसं पहिल्यासारखी झाली नाहीत आणि होणारही नाहीत. दोन जिने चढला की थांबतो. आता तो पोराला खांद्यावर घेत नाही, मांडीवर घेतो. झाडूवाल्या काकांचं मरण पुन्हा तपासायला निघालं, आणि त्यांच्या घरी कुणीतरी पहिल्यांदाच जाऊन खरं काय झालं ते सांगितलं. बाबा आणि फाटकवाला कोठडीत गेले.

दादाला मी त्यानंतर एकदाच विचारलं, “तुला संशय आला नव्हता?”

“संशय आला असता तर काम थांबवावं लागलं असतं,” तो म्हणाला. “बाबा असल्यानं थांबवावं लागत नव्हतं.”

वरच्या कचेरीनं त्याची बदली करायचं ठरवलं. जाण्याआधी त्यानं हॉलची मागची भिंत पाडून घेतली आणि आवार मोकळं केलं. पाळीसमोर उभा राहून त्यानं सांगितलं की कंटेनर का उघडा ठेवायचा, किती वेळ ठेवायचा, आणि हवा मोजल्याशिवाय कुणी आत जा म्हणालं, मग तो मॅनेजर का असेना, तर जायचं नाही. पूर्वीच्या म्हाताऱ्या मॅनेजरनं नियम केला होता, कारण सांगितलं नव्हतं. कारण न सांगितलेला नियम आणि मंत्र यांत फारसा फरक नसतो. लोक तो सोयीचा असेतो पाळतात, मग मोडतात, आणि मोडल्यावर काय बिघडलं हे कुणालाच कळत नाही. त्या न कळण्याच्या जागेत बाबा येऊन बसतात.

म्हणून वाचणाऱ्यांना हात जोडून एवढंच सांगणं आहे. तुमच्या कारखान्यात, शाळेत, घरात माणसं कोसळू लागली, तर ‘कोण लागलं’ असं विचारू नका, ‘काय लागलं’ असं विचारा. कधीपासून, कुठल्या खोलीत, कुठल्या मालापाशी, तेव्हा आणखी काय बदललं, हे विचारा. डॉक्टरला बोलवा, डॉक्टर ऐकत नसेल तर दुसऱ्याला बोलवा. आणि जो माणूस धोका लांबून अचूक ओळखतो पण स्वतः त्याच्या जवळ जात नाही, त्याच्या पाया पडण्याआधी त्याला एकदा म्हणा, “चला, आधी तुम्ही आत बसा.”